लेखणीची अमानत : अर्थविषयक संशोधन, कमाई आणि आपली जबाबदारी

अल्लाहच्या नावाने, जो अत्यंत कृपाळू व दयावंत आहे.



मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-जोगेश्वरीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, आपल्या अनेक कुटुंबांत आज एक नवे दृश्य दिसू लागले आहे. मुलगा किंवा मुलगी अभियंता होते. अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा पवईच्या एखाद्या कंपनीत काही वर्षे नोकरी करते आणि एके दिवशी ती नोकरी सोडून घरीच बसते. टेबलावर कंपन्यांचे वार्षिक अहवाल, ताळेबंद आणि आकडेवारीचे कागद पसरलेले असतात. व्यापार, उद्योग, गुंतवणूक या विषयांवर अभ्यास करायचा, लेख व अहवाल लिहायचे आणि कामागणिक मोबदला घ्यायचा, हाच आता त्या मुलाचा व्यवसाय असतो. नातेवाईक विचारतात, "सध्या काय करतो तुमचा मुलगा?" आई म्हणते, "घरूनच काहीतरी लिहितो." त्या उत्तरात थोडी काळजी असते, थोडा संकोच असतो.

आजचा पाठ त्या आईसाठी आहे, त्या मुलासाठी आहे आणि त्या मुलाने लिहिलेल्या शब्दांवर विसंबून आपली बचत कोठे ठेवायची हे ठरविणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी आहे. हे काम कमी प्रतीचे आहे काय? त्याची कमाई हलाल आहे काय? आणि असे लिहिणाऱ्यावर अल्लाहने कोणती जबाबदारी टाकली आहे? या तीन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

१. हे काम नवे नाही आणि हलकेही नाही

मोजमाप आणि यंत्रे यांत घडलेली बुद्धी अर्थव्यवहाराकडे वळते, तेव्हा तिच्या हातून मोलाचे कार्य घडू शकते. विल्फ्रेडो पारेतो हा इटलीचा अर्थशास्त्रज्ञ शिक्षणाने अभियंता होता. त्याने प्रथम रेल्वे आणि लोखंडाच्या उद्योगात नोकरी केली आणि नंतर १८९३ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे अर्थशास्त्राचे अध्यापन हाती घेतले. संपत्तीचे वाटप समाजात किती विषम असते, याचा त्याने केलेला अभ्यास आजही शिकविला जातो. आपल्या जवळचे उदाहरण श्री. अच्युत गोडबोले यांचे आहे. सोलापूरच्या या विद्यार्थ्याने पवईच्या आय. आय. टी. तून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली, संगणक क्षेत्रात दीर्घकाळ मोठ्या पदांवर काम केले आणि मग पूर्ण वेळ लेखणी हाती धरली. 'अर्थात' या त्यांच्या ग्रंथामुळे अर्थशास्त्रासारखा रुक्ष समजला जाणारा विषय सामान्य मराठी वाचकाच्या घरात पोहोचला.

इस्लामी इतिहासात तर ही परंपरा फार जुनी आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे ज्येष्ठ शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी खलीफा हारून रशीद यांच्या विनंतीवरून 'किताबुल खराज' हा ग्रंथ लिहिला. जमीन, महसूल आणि शासनाचा खर्च यांची त्यात चर्चा आहे. इब्ने खल्दून यांनी आपल्या 'मुकद्दमा'त श्रम, बाजारभाव, कर आणि राज्यांचा उत्कर्ष-अपकर्ष यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविला. व्यापार आणि संपत्ती हा विषय आपल्या विद्वानांनी दीनच्या बाहेरचा कधीच मानला नाही.

म्हणून त्या आईने संकोच करण्याचे कारण नाही. मुलगा घरी बसला आहे हे खरे. परंतु त्याने हाती घेतलेले काम प्रामाणिकपणे केले, तर ते समाजाच्या रक्षणाचे काम आहे.

२. आपल्या समाजाला त्याची गरज का आहे?

व्याज निषिद्ध आहे हे आपण सर्वजण जाणतो. सूरह बकराच्या २७५ व्या आयतीत अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज अवैध ठरविले आहे. परंतु व्याजाशिवाय चालणारी बँक आपल्या देशाच्या बँकिंग व्यवस्थेत नाही. २००८ साली रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने व्याजमुक्त बँकिंगचा विचार व्हावा अशी शिफारस केली होती. पुढे बरीच चर्चा झाली आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले.

याचा परिणाम काय होतो, ते पाहा. रत्नागिरी-रायगडहून मुंबईत आलेल्या एखाद्या कुटुंबातील कर्ता पुरुष वीस वर्षे आखातात राबतो. परत येताना त्याच्याजवळ आयुष्याची पुंजी असते. बँकेतील मुदत ठेव त्याच्या मनाला पटत नाही. शेअर बाजाराची त्याला भीती वाटते. अशा वेळी कोणीतरी भेटतो, दाढी-टोपीतला, मृदू बोलणारा. तो सांगतो, "भाईजान, आमची योजना पूर्णपणे हलाल आहे. व्याज नाही, नफा आहे. दरमहा लाखाला तीन हजार."

असे सांगणाऱ्यांनी या देशात हजारो मुस्लिम कुटुंबांना धुळीस मिळविले आहे. बेंगळुरूच्या आय. एम. ए. समूहाने हलाल नफ्याच्या नावावर लोकांच्या ठेवी गोळा केल्या आणि जून २०१९ मध्ये तो डोलारा कोसळला. मुलींच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, निवृत्तांची पुंजी, विधवांचे दागिने विकून आलेली रक्कम असे सारे त्यात गेले. लोकांना फसविण्यासाठी वापरलेला शब्द 'हलाल' हाच होता, ही त्यातील सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे.

येथे थोडे गणित करू या. समजा, एका माणसाने शंभर जणांकडून प्रत्येकी एक लाख रुपये घेतले. त्याच्याजवळ एक कोटी जमले. तो कोणताही धंदा करीत नाही. पैसे फक्त कपाटात ठेवतो. दरमहा तीन टक्क्यांप्रमाणे तो सर्वांना मिळून तीन लाख रुपये 'नफा' वाटतो. त्याचे कपाट रिकामे व्हायला किती काळ लागेल? तब्बल तेहेतीस महिने. म्हणजे पावणेतीन वर्षे तो प्रत्येकाला वेळेवर पैसे देत राहील आणि ते सारे पैसे लोकांचे स्वतःचेच असतील. या काळात नवे लोक येत राहिले, तर हा खेळ आणखी लांबेल. "माझ्या मेहुण्याला दोन वर्षे नियमित पैसे मिळत आहेत" हा योजना खरी असल्याचा पुरावा होऊच शकत नाही, हे या साध्या गुणाकार-भागाकारावरून सिद्ध होते.

यात दीनचा एक मुद्दाही आहे. इस्लामी भागीदारीत, म्हणजे मुदारबामध्ये, नफ्याचा वाटा ठरविता येतो. उदाहरणार्थ, झालेल्या नफ्यापैकी साठ टक्के तुमचे, चाळीस टक्के माझे. मात्र भांडवलावर ठरावीक रकमेची हमी देता येत नाही, कारण व्यापारात तोटाही होऊ शकतो. लाखाला दरमहा तीन हजार, नफा होवो वा न होवो, असे जेथे ठरते तेथे नाव काहीही असो, ते व्याजच आहे. हे दोन मुद्दे आपल्याच भाषेत समजावून सांगणारा एक अभ्यासू लेखक प्रत्येक मोहल्ल्यात असता, तर कितीतरी घरे वाचली असती. अशा लेखकाची आपल्याला गरज आहे ती यासाठी.

३. तहकीक : बातमी पारखून घेण्याची आज्ञा

दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमधील सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना आज्ञा दिली आहे की, एखादा अविश्वसनीय मनुष्य बातमी घेऊन आला तर तिची शहानिशा करा. अन्यथा अजाणतेपणी तुम्ही लोकांना हानी पोहोचवाल आणि मग पश्चात्ताप करीत बसाल. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नका असे बजावले आहे आणि कान, डोळे व हृदय या सर्वांचा जाब विचारला जाईल असे सांगितले आहे. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या एका हदीसचा आशय असा आहे की, ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे एवढेही माणसाला खोटारडे ठरविण्यास पुरेसे आहे.

या शिकवणुकीतूनच हदीसशास्त्र उभे राहिले. हदीस तपासणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक कथनाबाबत प्रश्न विचारले : हे कोणी सांगितले? त्याने ते कोणाकडून ऐकले? ते दोघे एकमेकांना खरोखर भेटले होते काय? सांगणारा सचोटीचा आहे काय? त्याची स्मरणशक्ती कशी आहे? इतर विश्वासू लोकांच्या कथनाशी हे जुळते काय?

अर्थविषयक संशोधन करणाऱ्या तरुणा, तू याच प्रश्नांची सवय लाव. एखाद्या कंपनीचा नफा दुप्पट झाला असे वृत्त आले, तर ते कोणी दिले, कंपनीच्या लेखापरीक्षित अहवालात ते आहे काय, आणि सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थ आहे काय, हे पाहा. अभियंता म्हणून तू पुलाचा भार मोजताना कंत्राटदाराच्या शब्दावर विसंबला नसतास. कुटुंबांच्या पुंजीचा भारही तितकाच मोठा आहे.

याचे एक उदाहरण पाहा. सत्यम कॉम्प्युटर्स ही देशातील अग्रगण्य कंपनी होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या संस्थापक-अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखविलेल्या रोख व बँकशिल्लकेपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या नसलेल्या शिलकेवर ३७६ कोटींचे व्याजही जमा होत असल्याचे दाखविले होते आणि तेही खोटे होते. अहवाल सुबक छापलेला होता, लेखापरीक्षकांची सही होती, पुरस्कारही मिळाले होते. यावरून एवढेच शिकायचे की, छापलेला आकडा हा तपासाचा आरंभ असतो, शेवट नव्हे. नफा दाखविला आहे, तर तेवढी रोकड खरोखर आली काय? भरपूर शिल्लक आहे, तर कंपनी कर्ज कशासाठी घेत आहे? मालकाच्या इतर संस्थांशी व्यवहार किती आहेत? हे प्रश्न विचारण्याला अविश्वास म्हणू नये. कुरआनने दिलेल्या आज्ञेचे ते पालन आहे.

निर्भय लेखणी काय करू शकते, हेही याच मुंबईने पाहिले आहे. एप्रिल १९९२ मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांनी स्टेट बँकेच्या रोख्यांच्या व्यवहारातील गफलत उघड केली आणि त्यातूनच हर्षद मेहता प्रकरण जगासमोर आले. ज्या वेळी सारा बाजार एका माणसाचे गुणगान करीत होता, त्या वेळी एका लेखणीने हिशेब विचारला.

४. बाजारातील तीन मनाया आणि आजचा लेखक

आदरणीय पैगंबर (स.) यांनी बाजारासंबंधी दिलेल्या तीन शिकवणी आजच्या संशोधक-लेखकाला जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली : दोष झाकू नये. एकदा पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आतील धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. पैगंबर (स.) यांनी विचारले की, मग ते वरच्या बाजूस का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते? आणि फसविणारा आमच्यापैकी नाही असे त्यांनी स्पष्ट केले. एखाद्या कंपनीविषयी लिहिताना तिची विक्री, तिचा विस्तार, तिचे नवे कारखाने यांचे वर्णन पहिल्या पानावर आणि तिची कर्जे व न्यायालयीन दावे मात्र शेवटच्या ओळीत, हे ओले धान्य खाली दडविण्यासारखेच आहे. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एकदा दोष असलेले कापड तो दोष न सांगता विकले. हे कळताच इमामसाहेबांनी त्या विक्रीतून आलेली रक्कम दानात देऊन टाकली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

दुसरी : 'नजश' करू नये. स्वतःला वस्तू घ्यायची नाही, तरी लिलावात केवळ भाव चढविण्यासाठी बोली लावणे याला नजश म्हणतात. पैगंबर (स.) यांनी ते निषिद्ध ठरविले. आज एखादा लेखक स्वतः एखादा कमी किमतीचा शेअर आधी घेऊन ठेवतो, मग त्याची स्तुती करणारा लेख लिहितो आणि वाचकांच्या खरेदीने भाव वर गेला की आपले शेअर विकून मोकळा होतो. हा नजशचाच नवा अवतार आहे. त्याने वाचकाला फसविले आणि त्याच्या विश्वासालाच विक्रीस काढले.

तिसरी : काफिला बाजारात पोहोचण्यापूर्वी त्याला वाटेत गाठू नये. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला शहरातील भाव माहीत नसतो, म्हणून त्याला गावाबाहेरच गाठून स्वस्तात माल घेणे पैगंबर (स.) यांनी मना केले आणि बाजारात आल्यावर भाव कळला, तर सौदा मोडण्याचा अधिकार त्या विक्रेत्याला दिला. समोरच्याच्या अज्ञानातून पैसा काढू नये, हे त्यामागील तत्त्व आहे. अहवाल लिहिताना कंपनीच्या आतील गोष्ट कळली आणि ती जाहीर होण्यापूर्वीच आपण खरेदी-विक्री केली, तर आपण वाटेत काफिला गाठणाऱ्यांत जमा होतो.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो, हे लक्षात घ्यावे. वांद्रे-कुर्ला संकुलात ज्या 'सेबी'चे मुख्यालय आहे, तिने २०१४ साली संशोधन-विश्लेषकांसाठी नियम केले. शेअर घ्या किंवा विका अशी शिफारस मोबदला घेऊन करणाऱ्याने सेबीकडे नोंदणी केली पाहिजे. आपला त्या कंपनीत काही आर्थिक हितसंबंध असेल, तर तो अहवालात उघड केला पाहिजे. अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वी तीस दिवस आणि नंतर पाच दिवस विश्लेषकाने त्या शेअरची स्वतः खरेदी-विक्री करू नये, असेही नियम त्यात केले गेले. म्हणून तरुण लेखकाने आपली मर्यादा ओळखावी. उद्योगाचा अभ्यास मांडणे, ताळेबंद कसा वाचावा हे शिकविणे, फसवणुकीपासून सावध करणे यांस मोठे मैदान मोकळे आहे. परंतु अमुक शेअर घ्या असे सांगायचे असेल, तर प्रथम कायद्याची अट पूर्ण करावी. करारांचे पालन करा, ही सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीतील आज्ञा आहे. ज्या देशात आपण राहतो त्याचे नियम पाळणे हा आपल्या वचनाचाच भाग आहे.

५. मोबदला कोण देतो?

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संशोधकासमोर सर्वांत कठीण प्रश्न हा असतो. नोकरीत महिन्याच्या शेवटी पगार येतो. येथे दर महिन्याला नवा दाता शोधावा लागतो. घरभाडे थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही. अशा वेळी एखादी कंपनी म्हणते, आमच्यावर चांगला लेख लिहा, मोबदला आम्ही देऊ, परंतु तो आम्ही दिला हे लिहू नका. हीच परीक्षेची घडी असते.

ज्याचा सल्ला घेतला जातो त्याच्यावर विश्वास ठेवलेला असतो, असा एका हदीसचा आशय आहे. वाचक लेख वाचतो तेव्हा तो न विचारताही सल्लाच घेत असतो. पैसे घेऊन अहवाल लिहिणे गैर नाही. तो श्रमाचा मोबदला आहे. मात्र पैसे कोणी दिले हे लपविणे हा वाचकाच्या अमानतीत खयानत आहे. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायाची साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध वा आप्तांविरुद्ध का असेना, अशी आज्ञा आहे. जो संशोधक आपल्या मोबदला देणाऱ्याविरुद्धही खरे लिहू शकतो, तोच संशोधक होय.

दुसरा प्रश्न विषयाचा आहे. व्याज खाणारा, ते देणारा, ते लिहिणारा आणि त्याचे साक्षीदार या सर्वांचा पैगंबर (स.) यांनी धिक्कार केला आहे. हे वाचून अर्थविषयक लेखकाच्या मनात भीती निर्माण होणे स्वाभाविक आहे आणि ती भीती शुभ आहे. येथे फरक करावा लागतो. व्याजी व्यवस्था कशी चालते, तिने शेतकऱ्याचे व मजुराचे काय होते, तिच्यात लोक कसे अडकतात, हे अभ्यासून सांगणे हे ज्ञान आहे. याउलट व्याजी कर्जाची जाहिरात रचणे, जुगारी सट्ट्याकडे लोकांना ओढणारा मजकूर लिहिणे, हे सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत मना केलेले पापातील सहकार्य होय. ज्या कामाबद्दल मनात शंका राहते, ते हाती घेण्यापूर्वी जाणत्या आलिमांना काम नीट समजावून सांगावे आणि मगच निर्णय घ्यावा. काही कामे सोडावी लागतील. परंतु जो अल्लाहचे भय बाळगतो त्याच्यासाठी तो मार्ग काढतो आणि कल्पनाही नसेल तेथून रोजी देतो, हे सूरह तलाकमधील आश्वासन आहे.

६. एक छोटा अभ्यास : कंपनी पारखण्याची रीत

आता एक व्यवहारोपयोगी पाठ घेऊ. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतील हिस्सा. म्हणून पहिली अट अशी की, कंपनीचा मूळ धंदाच हलाल असावा. मद्य, जुगार, व्याजी सावकारी, डुकराचे मांस, अश्लील करमणूक यांचा धंदा असलेल्या कंपनीचा प्रश्न येथेच संपतो. पुढचा प्रश्न असा की, धंदा शुद्ध असूनही बहुतेक कंपन्या व्याजी कर्ज घेतात आणि बँकेतील ठेवींवर व्याज मिळवितात. काही विद्वान अशा सर्वच कंपन्या टाळाव्यात असे म्हणतात. इतर अनेक विद्वानांनी मर्यादा आखून सवलत दिली आहे. बहरीनमधील 'आयोफी' ही इस्लामी वित्तसंस्थांसाठी मानके ठरविणारी संस्था आहे. तिच्या मानकानुसार व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत असावे, व्याजी ठेवीही ३० टक्क्यांच्या आत असाव्यात आणि निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावे.

उदाहरण घ्या. एका कंपनीचे बाजारमूल्य १,००० कोटी आहे. तिच्यावर व्याजी कर्ज २४० कोटी आहे. म्हणजे २४ टक्के. व्याजी ठेवी १५० कोटी. म्हणजे १५ टक्के. एकूण उत्पन्न ५०० कोटी आणि त्यात व्याजाचे उत्पन्न १० कोटी; म्हणजे २ टक्के. तिन्ही कसोट्यांवर ती उतरते. तरीही ते १० कोटी शुद्ध नाहीत. कंपनीचे एकूण शेअर १० कोटी असतील, तर प्रत्येक शेअरमागे एक रुपया अशुद्ध झाला. तुमच्याजवळ २०० शेअर असतील, तर २०० रुपये सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावेत. याला शुद्धीकरण म्हणतात. ते जकातहून वेगळे आहे. जकात शुद्ध संपत्तीतील हक्क आहे. हे तर आपले नसलेले धन बाहेर काढणे आहे.

हे आकडे कोठे मिळतात? कंपनीच्या वार्षिक अहवालात. कर्जे ताळेबंदात असतात आणि व्याजाचे उत्पन्न बहुधा 'इतर उत्पन्न' या शीर्षकाखालील टिपेत असते. नोंदणीकृत कंपन्यांचे अहवाल सर्वांना विनामूल्य पाहता येतात. १९९६ मध्ये टाटा समूहाने इस्लामी निकष लक्षात घेऊन एक म्युच्युअल फंड सुरू केला. तो आज टाटा एथिकल फंड म्हणून ओळखला जातो. २०१० मध्ये मुंबई शेअर बाजाराने शरीअतच्या निकषांवर निवडलेल्या ५० कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला. मात्र अशी यादी समोर असली, तरी स्वतः वाचण्याची जबाबदारी संपत नाही. कर्ज वाढते, धंदा बदलतो. आज यादीत असलेली कंपनी उद्या बाहेर जाऊ शकते. आणि कसोटीवर उतरलेल्या शेअरचाही भाव पडू शकतो, हे तर विसरूच नये. हलाल असणे म्हणजे नफ्याची हमी असणे नव्हे.

७. घरच्यांसाठी आणि काम देणाऱ्यांसाठी

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणती, ठाऊक आहे? ती नमाज वा रोज्याविषयी नाही. ती सूरह बकराची २८२ वी आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अल्लाहने त्याला शिकविले आहे म्हणून लिहिण्यास नकार देऊ नये आणि लिहिणाऱ्याला वा साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये, असे त्यात फर्माविले आहे. विचार करा, लेखणी धरणाऱ्याचे कर्तव्य आणि त्याचे संरक्षण, दोन्ही एकाच आयतीत आहेत.

म्हणून स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी सारे लिहून घ्यावे : विषय कोणता, किती पाने, मुदत किती, मोबदला किती आणि तो कोणत्या दिवशी. ओळखीतले आहेत, लिहून काय घ्यायचे, हा संकोच पुढे भांडणाला कारण होतो. आणि काम देणाऱ्यांनी आठवावे की, मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या असे पैगंबर (स.) यांनी शिकविले आहे. कपाळावर घाम दिसत नाही म्हणून लेखकाची मजुरी सहा-सहा महिने लांबविणे योग्य ठरत नाही.

जकातचा हिशेबही सोपा करून ठेवावा. उत्पन्न कधी येते, कधी येत नाही. म्हणून चांद्रवर्षातील एक तारीख ठरवावी. त्या दिवशी जवळ असलेली रोकड, सोने-चांदी व इतर जकातपात्र संपत्ती मोजावी, तातडीची देणी वजा करावीत आणि शिल्लक निसाबइतकी असेल, तर अडीच टक्के जकात द्यावी. निसाब सोन्यात ८७.४८ ग्रॅम आणि चांदीत ६१२.३६ ग्रॅम मानला जातो. रोख रकमेसाठी आपल्याकडील अनेक आलिम चांदीचा निसाब धरतात.

आणि घरच्यांनो, त्या मुलाला तुमचा आधार हवा आहे. तो महिनाभर एका अहवालावर खपतो आणि शेवटी लिहितो की, या योजनेपासून दूर राहा. त्यातून त्याला टाळ्या मिळत नाहीत. कधी योजनावाल्यांच्या शिव्या मिळतात, कधी मोहल्ल्यातलेच लोक म्हणतात, याला दुसऱ्याचे भले पाहवत नाही. अशा संध्याकाळी आईने त्याला एवढेच म्हणावे, "बेटा, तू खरे लिहिलेस ना? मग झोप निवांत."

घरी चर्चेसाठी काही प्रश्न

१. गेल्या वर्षभरात आपल्या घरात पैशासंबंधी घेतलेला कोणता निर्णय केवळ ऐकीव माहितीवर होता?

२. ठरावीक मासिक 'नफा' देणारी एखादी योजना आपल्या ओळखीत आहे काय? ती कोणता व्यापार करते, हे कोणी पाहिले आहे काय?

३. आपण कोणाला पैशासंबंधी सल्ला देतो, तेव्हा त्यातील आपला लाभ त्याला सांगतो काय?

४. आपल्याकडे कोणाच्या श्रमाचा मोबदला थकलेला आहे काय?

हे अल्लाह, आमच्या लेखणीला सत्य लिहिण्याचे बळ दे. आमच्या कमाईतून अवैधाचा अंश दूर कर. आमच्या विधवांची, अनाथांची आणि श्रमिकांची पुंजी फसविणाऱ्यांच्या हातून सुरक्षित ठेव. आणि ज्या दिवशी प्रत्येक लिहिलेल्या अक्षराचा हिशेब होईल, त्या दिवशी आम्हाला लज्जित करू नकोस. आमीन.